‘हे माझं मत आहे’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?

प्रिय ताई,

माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. लहानपणापासून आमचं छान जमतं, म्हणूनच हे जास्त लागतंय. त्याची मुलगी सव्वा वर्षाची झाली. तिला गोवराची लस द्यायची नाही असं त्यानं ठरवलंय, कारण त्या लशीनं मुलांना ऑटिझम होतो असं त्याला वाटतं. वहिनी या विषयावर काहीच बोलत नाही. मी काही बोलायला गेले की दादा म्हणतो, ‘विज्ञानातसुद्धा ज्यांना लोकांनी वेड्यात काढलं, तेच शेवटी बरोबर ठरले.’ वाद वाढला की शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘हे माझं मत आहे, आणि प्रत्येकाला स्वतःचं मत असण्याचा हक्क आहे.’ त्याच्यापुढे मला बोलताच येत नाही.

मागच्या वेळी तो म्हणाला, ‘तुला मूल नकोय हे तुझं मत आम्ही सगळ्यांनी मानलं ना? मग माझंही मान.’ आणि लगेच पुढे, ‘ज्याला मूल नाही त्यानं यात मत देऊच नये.’ त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ‘हे माझं मत आहे’ असं म्हणून घरच्यांना मीही गप्प केलेलं आहे. मग तेच वाक्य त्याच्या तोंडून आलं की मला का खुपतं? लोकांना स्वतःचं मत असण्याचा हक्क असतो की नसतो? मी गप्प बसू का? की त्याच्याशी बोलणंच सोडून देऊ?

— एक आत्या

प्रिय मैत्रिणी,

सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. हो, दादाला त्याचं मत असण्याचा हक्क आहे, आणि त्यात कसलीही कपात नाही. पण तुम्ही त्याला हक्काबद्दल विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारत होतात की लशीनं ऑटिझम होतो हे खरं आहे का, आणि तो सांगत राहिला की मला तसं वाटून घ्यायची मुभा आहे. गाडी किती वाजता सुटते असं कुणाला विचारावं आणि त्यानं ‘माझ्याकडे तिकीट आहे’ असं सांगावं, तसं हे झालं. तिकीट आहेच. वेळ मात्र कळली नाही.

त्या वाक्यापुढे तुम्हाला बोलता येत नाही याचं कारण तुमचे मुद्दे संपतात हे नसावं. विषय बदललेला असतो, आणि तो बदलल्याचं त्या क्षणी कुणाच्याच लक्षात येत नाही. लशीवरचं बोलणं एकदम दादाच्या स्वातंत्र्यावर येऊन थांबतं. मग तुमचा पुढचा प्रश्न, कितीही साधा असला तरी, त्या स्वातंत्र्यावर घाव घातल्यासारखा वाटतो. त्याला वाटतो आणि तुम्हालाही वाटतो, म्हणून तुम्ही मागे सरता.

याला आपली भाषा थोडी कारणीभूत आहे असं मला फार दिवसांपासून वाटतं. मराठीत ‘मत’ हा एकच शब्द दोन कामं करतो. मतपेटीत टाकतो तेही मत आणि मनात असतं तेही मतच. मतपेटीतल्या मताला काही खास अधिकार आहेत. ते कुणाला दाखवावं लागत नाही. का दिलं हे कुणी विचारू शकत नाही. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलेल्या माणसाचं आणि पहिल्यांदाच मतदानाला आलेल्या मुलीचं मत अगदी सारखं मोजलं जातं. ते तसंच असायला हवं. कारण तिथे खरं काय आहे हे शोधायचं नसतं, आपला कारभार कुणी चालवायचा हे ठरवायचं असतं, आणि त्या कारभाराखाली राहणाऱ्या सगळ्यांचा त्यात सारखा वाटा असतो.

मनातल्या मताचं तसं नाही. ते कुणाचं आहे यापेक्षा ते कशावर उभं आहे यावर त्याचं वजन ठरतं. तिथे ‘का’ विचारण्यात उद्धटपणा नाही. उलट ‘का’ विचारलंच नाही तर समोरच्याचं म्हणणं आपण मनावरच घेतलं नाही असा त्याचा अर्थ होतो. दादा काय करतो, तर मनातल्या मताला मतपेटीतल्या मताचे सगळे अधिकार मिळवून देतो: विचारू नका, तपासू नका, माझं एक, तुझं एक, फिट्टंफाट. ज्या भाषांमध्ये या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत तिथली माणसंही हेच करतात, तेव्हा सगळा दोष मी शब्दावर ढकलत नाही. पण मराठीत पाय जरा लवकर घसरतो.

आता तो हक्क. त्याला मी हलकं लेखत नाही, तुम्हीही लेखू नका, कारण माणसांनी तो फार सोसून मिळवला आहे. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत आपण सोडलं असं गुडघ्यावर बसून म्हणायला लावलं गेलं. १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला आणि त्याच्या एकोणिसाव्या कलमात, कुणाच्याही ढवळाढवळीशिवाय मत बाळगण्याचं स्वातंत्र्य लिहिलं. पुढे १९६६ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातही हा विषय एकोणिसाव्याच कलमात आहे, आणि त्याची मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. पहिल्या पोटकलमात मत बाळगण्याचा हक्क आहे आणि त्याला एकही अट नाही. दुसऱ्यात मत व्यक्त करण्याचा हक्क आहे. तिसऱ्यात म्हटलंय की व्यक्त करण्याच्या या हक्कासोबत जबाबदाऱ्या येतात, त्यामुळे इतरांचे हक्क, सार्वजनिक आरोग्य अशा ठरावीक कारणांसाठी कायद्यानं त्यावर मर्यादा घालता येते. म्हणजे मनाच्या आत कुणालाही शिरकाव नाही. मत ओठांवर आलं की मात्र दुसरी माणसं हिशेबात येतात. आणि ते हातात उतरलं, आपल्या मतानुसार दुसऱ्या जिवाचं काही करायचं किंवा करायचं नाही असं आपण ठरवू लागलो, की मत बाळगण्याच्या हक्काची हद्द संपलेली असते. तिथून पुढे त्या दुसऱ्या जिवाचे हक्कही सुरू होतात. तुमची भाची सव्वा वर्षाची आहे. तिचं मत कुणीच विचारलेलं नाही, विचारता येणारही नाही.

हा हक्क आपल्याला कशापासून वाचवतो ते एकदा नीट पाहा. तुरुंगापासून, छळापासून, जबरदस्तीनं काही वदवून घेण्यापासून. बहिणीच्या प्रश्नापासून वाचवायला तो जन्मला नाही. तुम्ही दादाला कोंडलेलं नाही, त्याच्या तोंडून काही वदवून घेतलेलं नाही. ‘हे तुला कशावरून वाटतं?’ एवढंच विचारलंत.

हे मी इतकं ठासून का सांगते, त्यामागे माझी एक आठवण आहे. पंचविशीत असताना मी एका मैत्रिणीपुढे बोलून गेले होते की डिप्रेशन वगैरे काही नसतं, माणसानं उठून कामाला लागलं की सगळं जातं. तिनं शांतपणे विचारलं, ‘हे तुला कुठून कळलं?’ मला कुठूनच कळलेलं नव्हतं. घरात ऐकलेलं होतं, तेवढंच. मी म्हणाले, ‘माझं मत आहे.’ ती गप्प झाली आणि मला वाटलं, चला, मिटलं. दोन वर्षांनी तिनंच सांगितलं की त्या दिवसांत ती औषधं घेत होती, आणि ते मला सांगायचं ठरवूनच त्या दिवशी आली होती. माझ्या त्या वाक्यानंतर तिनं विचार बदलला. ती दोन वर्षं मी तिच्या काहीच उपयोगी पडले नाही. माझ्या हक्कावर तिनं बोटही ठेवलं नव्हतं. मी तो मध्ये आणून दार लावून घेतलं आणि ती बाहेर राहिली. त्यानंतर हे वाक्य वापरताना माझी जीभ अडखळते, आणि ते बरंच आहे असं मला वाटतं.

आता तुम्हाला ज्यानं झोप लागली नाही त्या प्रश्नाकडे येते. तुमचं ‘मला मूल नको’ आणि दादाचं ‘लशीनं ऑटिझम होतो’ या दोन्हींना आपण मत म्हणतो, पण ती एका जातीची नाहीत. तुमचा तो स्वतःच्या आयुष्याबद्दलचा निर्णय आहे. तो खरा की खोटा हे तपासायला जगात कुठेही जाता येणार नाही, कारण तो जगाबद्दल काही सांगतच नाही. तुम्हाला कसं जगायचंय तेवढं सांगतो, आणि त्याचं जे काही बरंवाईट होईल ते तुम्ही भोगणार आहात. तिथे तुम्ही घरच्यांना थांबवलंत यात ढोंग नव्हतं. माया असलेल्या माणसानं एकदा विचारावं, दोनदा विचारावं, आणि मग मान राखावा.

फक्त एक गोष्ट आठवून पाहा. त्या वादांत तुम्ही कधी ‘मूल झालं की बाई संपते’ किंवा ‘मुलं असलेले लोक मनातून दुःखीच असतात’ असं काही म्हणाला होतात का? म्हणाला असाल, तर तिथे तुम्हीही स्वतःच्या निर्णयावरून जगाबद्दलच्या विधानावर उडी मारली होती, आणि तेव्हा आईनं ‘कशावरून?’ विचारलं असतं तर तो तिचा अधिकारच होता. तुम्ही पत्रात इतक्या प्रामाणिक आहात की हे विचारायचं मला धाडस झालं.

दादाचं विधान जगाबद्दलचं आहे. लस दिल्यानं ऑटिझम होतो की होत नाही, हे त्याच्या मनात घडत नाही, तुमच्याही मनात घडत नाही. ‘म्हणेन ती पूर्व दिशा’ हे आपण हट्टी, हुकमी माणसाबद्दल म्हणतो. पण प्रत्येकाला आपापली पूर्व ठरवायचा हक्क दिला तरी सूर्य एकाच बाजूनं उगवणार. आणि दादानं उभी केलेली शंका कुणी धुडकावून लावली असंही झालेलं नाही. ती फार गंभीरपणे तपासली गेली आहे. तिची सुरुवात १९९८ साली ब्रिटनमधल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधातून झाली. त्यात मुलं होती अवघी १२. लशीचा संबंध सिद्ध झालेला नाही असं त्या निबंधातच लिहिलेलं होतं, तरी भीती जगभर पसरली. २०१० मध्ये नियतकालिकानं तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याच्या मुख्य लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं. मधल्या काळात अनेक देशांत अभ्यास झाले. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आला की गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीमुळे ऑटिझमची शक्यता वाढत नाही. एका बाजूला १२ मुलं आणि मागे घेतलेला निबंध, दुसऱ्या बाजूला साडेसहा लाख मुलं. इथे माझं एक, तुझं एक होत नाही.

आणि गोवर हा ‘माझ्या घरातला प्रश्न’ राहणारा आजार नाही. तो झालेला माणूस खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा दहा जणांचा रोग्याशी जवळून संबंध आला तर नऊ जणांपर्यंत लागण होऊ शकते. म्हणून समाजात तो पसरू नये यासाठी साधारण ९५ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती असावी लागते. उरलेल्यांत कोण असतं? लस घेण्याच्या वयाचीही न झालेली तान्ही बाळं, आणि कर्करोगाच्या उपचारांमुळे ज्यांना ही लस देता येत नाही अशी माणसं. दादाच्या मताचा भार त्यांच्याही अंगावर पडतो, आणि त्यांना तो कुणी विचारून दिलेला नाही.

इंग्लंडमध्ये विल्यम क्लिफर्ड नावाचा गणिती होऊन गेला. १८७७ साली त्यानं एक कल्पना मांडली होती, ती मला अशा वेळी हटकून आठवते. एका जहाजमालकाला शंका असते की आपलं जुनं जहाज प्रवासाला धड नाही. दुरुस्ती खर्चाची असते. तो मनाची समजूत घालत जातो: इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा खरी होती म्हणून तो सुटत नाही, कारण समोर असलेल्या पुराव्यावरून तशी श्रद्धा ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता. आणि पुढे म्हणतो, समजा जहाज बुडालं नसतं, तरी दोष तेवढाच राहिला असता. क्लिफर्ड फार कडक माणूस. पुरेशा पुराव्याशिवाय कुणीही, कधीही, कशावरही विश्वास ठेवणं चूकच, इथवर तो जातो, आणि तिथे मी त्याच्यासोबत जात नाही. पुराव्याची वाट पाहत बसलो तर कुणावर प्रेमही करता येणार नाही. पण जहाजात दुसरी माणसं बसलेली असतील तेव्हा तो बरोबर आहे असं मला वाटतं. तुमच्या भाचीला गोवर न होण्याची शक्यताही आहे. देवाच्या दयेनं तसंच होवो. तरीही दादानं मत बनवताना काय पाहिलं आणि काय पाहायचं टाळलं, हा प्रश्न उरतो.

‘ज्यांना वेड्यात काढलं तेच बरोबर ठरले’ या त्याच्या मुद्द्याला टाळू नका. तो खोटा नाही. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरचं उदाहरण त्याला तुम्हीच सांगा. व्हिएन्नातल्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी तापानं फार जास्त मरत होत्या. १८४७ साली सेमेलवाइसचा एक सहकारी, शवविच्छेदनात सुरीची जखम होऊन, तशाच लक्षणांनी मेला. सेमेलवाइसनं ताडलं की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येतात आणि हातांवरून काहीतरी घेऊन येतात. त्यानं क्लोरीनच्या द्रावणानं हात धुणं सक्तीचं केलं. त्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के होतं, ते जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. तरी अनेक मोठ्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही, आणि १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. दादा म्हणतो तसंच झालं. फक्त सेमेलवाइसनं ‘हे माझं मत आहे’ असं म्हणून विषय संपवला नव्हता. त्याच्याकडे दोन विभागांचे महिन्यामहिन्यांचे आकडे होते, आणि त्याचं म्हणणं असं होतं की हे तपासा, तपासाच. दार बंद करणारे दुसऱ्या बाजूला होते. आपण सेमेलवाइसच्या बाजूला आहोत की त्या प्रतिष्ठित डॉक्टरांच्या, हे बहुमत कुठे आहे यावरून कळत नाही. कोण तपासणीला घाबरतंय यावरून कळतं.

‘ज्याला मूल नाही त्यानं मत देऊ नये’ या वाक्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ते तुम्हाला दुखवण्यासाठी आलेलं आहे, आणि ते लागलं. पण बघा, एका श्वासात प्रत्येकाला मताचा हक्क आणि पुढच्या श्वासात तुम्हाला नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. आई-बाप होण्यानं रात्रीची जागरणं कळतात, मुलाच्या रडण्यातले भेद कळतात. तिथे दादाचं ऐका, तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. विषाणू मात्र बापाला निराळा आणि आत्याला निराळा वागवत नाही.

आणि गप्प बसण्याबद्दल. ‘असू दे, त्याचं मत आहे’ हे आपण कुणाबद्दल म्हणतो? ज्यांचा नाद आपण सोडलेला असतो त्यांच्याबद्दल. बाहेरून तो आदर दिसतो, आत ती निराशा असते. माणसाचा आदर आणि त्याच्या मताचा आदर यांची आपण गल्लत करतो. दादाचा आदर तुमच्याकडून त्याला बिनशर्त मिळायला हवा. त्याच्या मताला मात्र स्वतःच्या पायांवर उभं राहून दाखवावं लागेल. तुम्ही त्याच्याशी वाद घालता याचा अर्थ तो समजूतदार आहे, ऐकू शकतो, बदलू शकतो असं तुम्ही अजून मानता. हे त्याला याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

बोलायला बसाल तेव्हा दोघंच बसा. चारचौघांत माणूस मतापेक्षा इभ्रत सांभाळतो, आणि माघार घ्यायला त्याला जागा उरत नाही. सुरुवातीलाच म्हणा: ‘तुझा हक्क मला मान्य आहे, तो आज बोलण्यातून बाजूला ठेवू. मला तुझी भीती समजून घ्यायचीय.’ आणि खरंच समजून घ्या. तो काय वाचतो, काय पाहतो ते मागून घ्या आणि वाचा. जॉन स्टुअर्ट मिलइतकी मतस्वातंत्र्याची बाजू जोरानं लढवणारे विचारवंत थोडेच असतील, आणि त्याचं म्हणणं असं होतं की ज्याला फक्त स्वतःची बाजू ठाऊक आहे त्याला तीही धड ठाऊक नसते. त्याला हे स्वातंत्र्य हवं होतं ते मतं एकमेकांवर आदळावीत आणि त्यातून खरं काय ते उजळावं म्हणून. प्रत्येकानं आपलं मत कुलपात ठेवावं यासाठी नव्हे. तुमचीही यात थोडी परीक्षा आहे. लस सुरक्षित आहे हे तुम्हाला का वाटतं? ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ एवढंच असेल, तर तुमच्याकडेही ‘बाबा वाक्यं प्रमाणम्’ आहे, फक्त तुमचे बाबा बरोबर निघाले. थोडं वाचून जा.

मग एकच प्रश्न विचारा: ‘काय दिसलं तर तुझं मत बदलेल?’ आणि आधी स्वतःचं उत्तर द्या. मी तुमच्या जागी असते तर म्हणाले असते की लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लाखो मुलांची तुलना करून, वेगवेगळ्या देशांत, लस घेतलेल्यांमध्ये ऑटिझम स्पष्टपणे जास्त आढळला असता तर मी माझं मत बदललं असतं. दादानं काही सांगितलं तर ते शोधायला दोघं मिळून बसा. मुलीच्या डॉक्टरांकडेही त्याच्याबरोबर जा, पण त्याला हरवायला नव्हे. त्याचे प्रश्न त्यानंच विचारावेत, तुम्ही सोबत असा. ‘कशानंही बदलणार नाही’ असं तो म्हणाला, तर तेही त्याच्या तोंडून त्याला स्वतःला ऐकू येऊ दे. लगेच काही बोलू नका.

वहिनींकडे मात्र लवकर जा. त्या गप्प आहेत याचा अर्थ त्यांना पटलंय असा धरू नका. १९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत काही प्रयोग केले होते. समोर रेघा काढलेल्या, कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. अशा वेळी खऱ्या सहभागी माणसांची साधारण एकतृतीयांश उत्तरं बाकीच्यांच्या मागे जाऊन चुकली, डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही. पण त्या घोळक्यातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी अशा चुका आधीच्या एकचतुर्थांशच उरल्या. घरात कदाचित वहिनींना नेमकी तेवढ्याच एका माणसाची गरज असेल. दादाविरुद्ध त्यांना फितवू नका. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि उत्तराला हवा तेवढा वेळ द्या. मूल त्यांचंही आहे, आणि आतापर्यंत या सगळ्यात ज्यांचं मत कुणी विचारलं नाही अशा त्या घरातल्या दुसऱ्या आहेत.

तुमच्या स्वतःच्या हातात जे आहे ते तुम्ही ठरवू शकता. तुमच्याकडे कुणाचं तान्हं बाळ येणार असेल किंवा उपचार चालू असलेलं कुणी येणार असेल, तर ‘त्या दिवशी लेकीला आणू नकोस’ असं दादाला आधी स्पष्ट सांगा. चिडून नको, कारण सांगून. तो म्हणेल हे तुझं मत झालं. तेव्हा ते कशावर आधारलेलं आहे हे सांगायची तयारी ठेवा, म्हणजे तुम्ही त्याच्याकडून जे मागताय तेच त्याला दिल्यासारखं होईल.

बोलणं सोडू नका. पहिल्या बैठकीत काही होणार नाही, दुसऱ्या बैठकीत कदाचित तो तुमच्यावर चिडेल. वेळेवर न घेतलेला गोवराचा डोस पुढेही घेता येतो, आणि या लशीचे डोस दोन असतात. म्हणजे दादाशी बोलायला तुम्हाला निदान दोनदा तरी जावं लागणार आहे. जाल तेव्हा आधी भाचीशी खेळा, मग विषय काढा.

तुमची,
ताई